धाकूच्या आवाजातला इशारा

वादळाचा इशारा भिंतीवरच्या पेटीतून आला तो धाकूच्या आवाजात. "आये, रसिका, पाणी चढतंय. टेकडीवरच्या शाळेत जा."

भोंग्यांना कुणी जुमानत नाही, म्हणून आता जगभर असे इशारे घरातल्या गेलेल्या माणसाच्या आवाजात येत. धाकू मागच्या वादळात होडीसकट बुडाला होता.

त्याच्या आईने, जयवंतीने, गाठोडं उचललं. त्याची बायको रसिका मात्र पेटीला कान लावून उभी राहिली.

"चल गो!"

"थांबा आये. आपण निघालो की तो गप्प होतो."

उंबऱ्यावरून पाणी आत आलं. "रसिका, ऐक माझं," धाकू विनवत होता, आणि रसिका ऐकतच होती. शेवटी जयवंतीने पेटी ओरबाडून काढली आणि पाण्यात बुडवली. आवाज गुदमरत काहीतरी पुटपुटला आणि बंद पडला. रसिकाने हंबरडा फोडला, पण ती हलली.

शाळेत सगळं गाव सुखरूप होतं आणि सुतक पडल्यासारखं गप्प बसलं होतं.

वारा पडल्यावर रसिकाने विचारलं, "शेवटी काय म्हणाला तो?"

"आये, नको" असंच जयवंतीला ऐकू आलं होतं.

"चला म्हणाला," ती म्हणाली.