चौथं कडवं

महारुद्रनं व्हायोलिनच्या तारांखालच्या घोडीपाशी मेण लावून पितळेची छोटी चकती चिकटवली, तिची वायर मिक्सरला जोडली आणि आवाज वर घेतला. रेणुकानं हनुवटी टेकवली. गज अजून तारांना लागलाही नव्हता, तोच स्पीकरमधून कुणीतरी श्वास घेतला.

“घाबरू नको, तुझाच हाय,” महारुद्र म्हणाला. “माइक हवेतलं ऐकतो, ही चकती लाकडातलं ऐकती. हनुवटी टेकली की श्वाससुद्धा पकडती.”

गंगाखेडात तीस वर्षं साउंडचा धंदा केलेला माणूस तो. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. स्पीकरमधून काहीही आलं, तरी त्याच्या लेखी अर्थिंगच खराब असायचं.

आजही त्याला फक्त काम उरकायचं होतं. उद्या पिंगळीला जयंतीचा कार्यक्रम होता आणि गायन पार्टीत रेणुका पहिल्यांदाच बापाच्या जागी बसणार होती. तिचा बाप, सिद्धोधन, मागच्या वर्षी देवगाव फाट्याच्या स्टेजवर गाणं चालू असताना गेला. तिसरं कडवं संपत आलं होतं, गज हातातच होता. तेव्हा मिक्सरवर महारुद्रच बसला होता. आता पार्टीचे प्रमुख तात्याराव तेच गाणं पोरीकडून वाजवून घेत होते, आणि वर्षभर सरावात पोरगी तिसऱ्या कडव्याशी येऊन थांबत होती. ‘पाठांतर कच्चं हाय,’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. उद्या थांबली तर तिची जागा कीबोर्डवाल्याला, असं तात्यारावांनी तोंडावर सांगितलं होतं.

“वाजव,” महारुद्र म्हणाला.

रेणुकानं गज ओढला. ढोलकीपुढे दबून जाणारं ते व्हायोलिन दुकानभर पसरलं. झकास झालं काम, असं तो म्हणणार, तोवर त्याला त्या सुरांच्या खालून दुसरं काहीतरी ऐकू आलं. बारीक गुणगुण, मिटल्या तोंडाची, पुरुषाची. रेणुका जी ओळ वाजवणार होती, ती त्या गुणगुणीत क्षणभर आधी यायची.

महारुद्रनं पंखा बंद केला. वायर बदलली. मोबाइल बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला. मिक्सरचं दुसरं चॅनल घेतलं. इकडे रेणुका वाजवतच होती आणि गुणगुण पुढे पुढे चालतच होती.

“भावजी, कशाला खटपट करायलाव?”

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून पंचफुला उठली होती. सिद्धोधनची बायको. तिच्या मांडीवरची पिशवी खाली पडली होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. “आवाज त्यांचा हाय. वाजवायच्या आधी ओळ तोंडातल्या तोंडात म्हणायचे. स्टेजवर कुणाला कळायचं न्हाई. मलाच ठाऊक.”

इतक्यात तिसरं कडवं संपत आलं आणि गुणगुण एका शब्दावर अर्ध्यात तुटली. घशात काहीतरी अडकल्यासारखी. त्याच क्षणी रेणुकाचा गज थांबला.

तो शब्द महारुद्र विसरला नव्हता. देवगाव फाट्यावरही गज इथेच थांबला होता.

“काढतो मी ही वायर,” तो घाईनं म्हणाला.

“वायर काढून काय हुतंय काका?” रेणुका खाली बघत म्हणाली. “मला हनुवटीतनं ऐकू येतंय. वर्ष झालं. तिथं आले की बाबाचा श्वास अडकतो. मग माझापन.”

“मला का न्हाई सांगितलंस?” पंचफुलानं विचारलं.

“तू मला वाजवू दिलं नसतंस. नाहीतर दिवसभर वाजवायला लावलं असतंस.”

पंचफुलाला राग आला नाही, कारण पोरगी खरं बोलत होती. आत्ताही तिला एकच वाटत होतं, की पोरीनं पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरुवात करावी, आणि मग पुन्हा. वर्षभरानं तो आवाज ऐकला होता तिनं. तरी ती पोरीजवळ गेली, व्हायोलिनवर वाकली आणि घरात बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाली, “अहो, तुमचं गाणं देवगाव फाट्यावर झालं. पोरीचं उद्या पिंगळीला हाय. सोडा तिला आता. जावा तुमी.”

स्पीकरमधून एक लांब उसासा आला. पंचफुलानं तोंडाला पदर लावला.

“वाजव,” ती रेणुकाला म्हणाली.

रेणुकानं पुन्हा सुरुवात केली. गुणगुण नव्हती. पहिल्या कडव्यात पोरगी दोनदा चुकली, दुसऱ्यात सावरली. तिसरं संपत आलं तसे महारुद्रनं डोळे मिटून घेतले. गज थांबला नाही. चौथं कडवं सुरू झालं, जरा बेसूर, जरा घाईचं, पण सुरू झालं. त्यानं डोळे उघडले तर रेणुका रडत होती आणि वाजवत होती.

“सुटली, वहिनी!” तो आनंदानं म्हणाला.

पंचफुला स्पीकरच्या जाळीला कान लावून बसली होती. तिनं हातानंच त्याला गप्प केलं.

“हळू,” ती कुजबुजली. “तिच्या मागं मागं म्हणायलेत.”