चाळिसाव्या पानावरची मावशी

तीन महिने नंबर लावून मिळवलेली ती गाजलेली भुताची कादंबरी नववीतल्या मुलीने ग्रंथालयाच्या टेबलावर आपटली. “भूत कसलं, नुसतं उसासे टाकतं आणि नायिकेच्या वेण्या घालतं! भीती वाटली ती फक्त तिच्या मावशीची.” “मावशीची?” ग्रंथपालबाई दचकल्या. “चाळिसाव्या पानावर कुणीतरी पेन्सिलने लिहिलंय, ‘मावशीवर लक्ष ठेवा, ती जिवंत नाही.’ मग मावशीने दूध तापवलं तरी माझ्या अंगावर काटा! आणि शेवटी बया ठणठणीत! त्या खोटारड्याला शोधून काढा.” बाईंनी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल हळूच काढून लपवली; मुलीने ते पाहिलंच. “तुम्ही?” “काय करू गं? सगळे अर्धवट वाचून परत आणायचे.” मुलगी क्षणभर धुमसली. मग तिला बाईंमागच्या कपाटात कोरा करकरीत दुसरा भाग दिसला. “तो आधी तुम्ही वाचा,” ती म्हणाली, “पेन्सिलीला चांगलं टोक करून.”