मधल्या भिंतीचा तडा

दौलताबादच्या काळ्या मातीवरचं घर. उन्हाळ्यात माती आखडली की मधल्या भिंतीला तडा जायचा, पावसात फुगली की तो आपसूक मिटायचा. वाटणीनंतर भिंतीअलीकडं द्वारकाबाई, पलीकडं धाकटी जाऊ आशाबाई. अकरा वर्षांचा अबोला दोघींनी अगदी नेमानं पाळलेला.

यंदा द्वारकाबाईंच्या मुलानं कडूबा गवंड्याला धाडलं.

"आत्ता नको भरू, बाबा," द्वारकाबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "मिरगात माती फुगंल अन् भिंत दुसरीकडं फुटंल."

"मग दिवाळीत येतो."

"दिवाळीत तडा असतोय कुठं?"

कडूबा हसला. "म्हंजी उन्हाळ्यात भरू द्यायचा नाय, अन् पावसाळ्यात भरायला उरायचा नाय! ह्या फटीवर लई जीव दिसतोय, बाई."

दुपारी द्वारकाबाई त्या फटीलाच पाठ टेकून बसायच्या. पलीकडचा खोकला तिथं नीट ऐकू यायचा.

मुलाची ताकीद होती, म्हणून कडूबानं थापीवर माल घेतलाच. तेवढ्यात फटीतून आशाबाईंचा आवाज आला.

"ऐक की रं! थोरल्या बाई नको म्हणतात ना?"