रिंगखालचा अमरनाथ

अमरनाथचा उजवा गुडघा वाकत नव्हता, तरी देविदास सरांनी पहिल्या पाचांत त्याचं नाव लिहिलं.

"सर, पळता येत न्हाई मला," तो म्हणाला.

"पळायला कोण सांगून राहिलं? रिंगजवळ हात वर करून उभा राहा अन् बॉल माग. हातात आला की लगेच बाहेर फेक. उडी मारायची न्हाई."

"अन् कुणी येऊन आदळलं तर?"

"तुझ्या अंगावर कोण येतंय? लई भेतेत तुला."

सरांनी त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर सारखेच काळे पट्टे चढवले. दुखरा कोणता आणि धड कोणता, हे कुणाला कळता कामा नये.

लातूरच्या बालाघाट क्लबनं विभागाची बास्केटबॉल सेमीफायनल आजवर पाहिली नव्हती. यंदा पाहिली ती निलंग्याच्या या सहा फूट चार इंचांच्या पोरामुळं. संघाचे निम्मे पॉइंट एकटा अमरनाथ करायचा. गुरुवारी सरावात त्याचा गुडघा मुरगळला. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे विश्रांती. पुन्हा मार बसला तर खेळ कायमचा सुटेल. ही गोष्ट सरांना आणि अमरनाथलाच ठाऊक होती. बाकीच्या पोरांनाही सांगितली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा सरांचा हिशेब.

सामना नांदेडला होता, गोदातीर क्लबच्या घरच्या मैदानावर. गोदातीरचा कॅप्टन विनोद म्हणजे विभागातला सगळ्यात तिखट खेळाडू. सुरुवातीच्या सरावात अमरनाथ मैदानावर आला, तसा विनोद हातातला बॉल विसरून त्याच्याकडं बघत राहिला.

"बघा, पोटात गोळा आला कॅप्टनच्या," सर बेंचवरच्या पोरांना म्हणाले.

आणि खरंच, शिट्टी वाजली तसा विनोद अमरनाथला गोचिडासारखा चिकटला. बॉल कुठंही असो, हा अमरनाथच्या पुढ्यात. तिकडं बालाघाटच्या बुटक्या भारतला मैदान मोकळं सापडलं. त्यानं धडाधड पॉइंट घेतले.

"विनोद, सोड त्याला!" गोदातीरचे सर ओरडले. "एक बॉल टाकला न्हाई त्यानं अजून!"

विनोदनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बॉल त्याच्या संघाकडं आला, तरी तो आपल्या गड्यांना अमरनाथ सावकाश येऊन उभा राहिलेल्या रिंगखाली घुसू देईना. "बाहेरून टाका, बाहेरून!" असं म्हणत राहिला. बाहेरून टाकलेले निम्मे बॉल वाया गेले. देविदास सर मांडीवर थाप मारून हसत होते. नुसत्या उंचीचा एवढा धाक!

तिसऱ्या क्वार्टरमध्ये अमरनाथच्या पायाशी सुटलेल्या बॉलवर तिघं झेपावले. विनोद मधे शिरला आणि त्यानं आपल्याच गड्याला खांद्यानं आडवं केलं. सगळं मैदान हसलं. त्याचे सर तर डोक्याला हात लावून खाली बसले.

बालाघाट चार पॉइंटनं जिंकलं. पोरांनी भारतला खांद्यावर घेतलं. सरांना आभाळ ठेंगणं झालं. एवढी अक्कल लढवलेली कुणालातरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना. विनोद कडेला बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. सर त्याच्याकडं गेले.

"कॅप्टन, राग मानू नको. अख्खा सामना तू खांबाची राखण केलीस की रे! त्याचा गुडघा गुरुवारीच गेलाय."

"हाव, उजवा," विनोद म्हणाला. "सामन्याआधी सरावात चालताना बघितलं तवाच कळलं."

सरांचं हसू अर्ध्यात राहिलं. "मग तुझ्या सरांला का सांगितलं न्हाईस?"

"मागच्या साली सांगितलं होतं. भोकरच्या एका पोराचा गुडघा असाच दुखत होता. आमचे सर म्हणले, त्याच गुडघ्यावर जा. मी गेलो."

त्यानं दुसरा बूट काढला.

"ते पोरगं अजून काठी घेऊन चालून राहिलं, सर."