हापशाचा दांडा

लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच होता. रेणापूरजवळच्या एका खेड्यात हापसा हापसताना भामाबाईच्या हातून दांडा सुटला आणि सटकन डोळ्याखाली बसला. डोळा शाबूत राहिला, पण खोबणीचं हाड मोडलं. वर बघितलं की तिला एकाचे दोन दिसू लागले.

"मोडलेल्या हाडात डोळ्याचा स्नायू अडकलाय. ऑपरेशन करून सोडवावा लागेल," लातूरचे डॉक्टर म्हणाले.

नवरा शेषेराव वैतागला. "आन् घरी पाणी कोण भरावं? चार दिसात सुट्टी द्या, साहेब."

ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी डॉक्टरांनी तिच्यासमोर बोट वर धरलं. "किती दिसतात?"

भामाबाईनं भीतभीत नजर वर नेली आणि तिचा चेहराच फुलला. "एकच हाय, साहेब! एकच!"

"छान. मग आजच घरी जा."

दवाखान्याच्या नळाखाली सकाळपासूनची दुसरी अंघोळ उरकून शेषेराव दारात आला होता. डॉक्टरांचं बोलणं ऐकून तो ओल्या अंगानंच पुढं धावला.



"न्हाई साहेब, तिला अजून दोनच दिसायलेत. ठिवून घ्या की आणखी आठ दिस!"