मागचं मडगार्ड

सिंधूताईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि पंजाबरावांच्या काउंटरवर ठेवला. पंजाबरावांना वाटलं, वहिनींनी घरचं काही खायला आणलंय. अमडापुरात तीस वर्षं सायकलींचं दुकान चालवलेल्या त्या माणसानं मोठ्या आशेनं झाकण उघडलं, तर आत गच्च भरलेला काळा चिखल.

"आमच्या वाटेचा हाय," सिंधूताई म्हणाल्या. "मडगार्ड याच्यासाठीच लागते ना? मंग यालेच दाखवून घेऊ."

त्यांचे यजमान दयाराम तेवढ्यात भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. डबा घरीच ठेव, चार लोकांत हसं होईल, असं त्यांनी निघताना दोनदा बजावलं होतं. पण सिंधूताईंनी ऐकायचं ठरवलं तरच त्यांना ऐकू येई.

सायकल मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. नाशिकच्या लेकीनं, सारिकानं पाठवलेली. बॅटरीवर पळणारी, डोंगरात चालवायची, मनगटाहून जाड टायरांची. सगळं होतं तिला, फक्त मडगार्ड नव्हतं. डोंगरात जाणाऱ्या हौशी लोकांना म्हणे चिखलाचं कौतुक असतं. दयारामांना नव्हतं.

आठवड्यावर आषाढी पौर्णिमा आली होती. त्या दिवसापासून गावच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होणार होतं, तीन महिने, रोज संध्याकाळी. दयाराम एसटीत कंडक्टर होते. आवाज असा, की मागच्या सीटवर पेंगणाऱ्यालाही आपलं गाव आलेलं कळावं. निवृत्त झाल्यावर वाचनाचा मान त्यांच्याकडे आला आणि दोघं शेतात घर बांधून राहायला गेले, तरी तो त्यांच्याकडेच राहिला. गुडघे तेवढे राहिले नाहीत. शेतापासून विहारापर्यंत तीन किलोमीटर काळ्या मातीची वाट, आणि पावसात प्रत्येक पावलाला किलोभर लोंदा. तीन पावसाळे दयाराम घरी बसले. त्यांच्या जागी शेखर नावाचा शिकलेला तरुण वाचू लागला. यंदा विहाराजवळच्या वस्तीनं निरोप धाडला, की येता येत असेल तर या, आसन तुमचंच आहे. त्या निरोपानं दयाराम इतके सुखावले होते, की पांढऱ्या सदऱ्याला आतापासून दोनदा इस्त्री झाली होती.

त्या सदऱ्याच्या पाठीवर चिखलाची रेघ नको, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पंजाबरावांनी सायकल स्टँडवर चढवून आधी लांब, काळं, चाकाला अगदी लगटून बसणारं मडगार्ड मागे लावलं. दयारामांना ते बघताक्षणी आवडलं. असली रुबाबदार वस्तू मागे असली की माणसाची पाठ आपोआप ताठ होते. सिंधूताईंनी डब्यातला लोंदा घेतला, भाकरी थापावी तसा टायरवर थापला आणि नवऱ्याला पायडल फिरवायला सांगितलं. मोटर लागली, चाक दोन फेरे फिरलं, घुरघुरलं आणि थांबलं. मडगार्डच्या पोटात चिखल असा ठासून बसला, की पंजाबरावांना तो पेचकस घालून उकरावा लागला.

मग दुसरं आलं. आखूड, सीटखाली उंच लावायचं. त्याखाली चाक अगदी मोकळं फिरलं. चिखलही तसाच मोकळा उडाला आणि मागे वाकून बघणाऱ्या पंजाबरावांच्या शर्टावर जाऊन बसला. सिंधूताईंनी तोंडाला पदर लावला.

"दयारामभाऊ, आपल्या मातीत दोनातून एकच जमते," पंजाबराव शर्ट झटकत म्हणाले. "पाठ वाचवा, नाई तं चाक वाचवा."

दयारामांना खरोखर वाईट वाटलं. तीन वर्षांनी आपण विहारात पाऊल टाकणार, आणि वस्तीला आधी दिसणार काय, तर चिखल. लांबच मडगार्ड पक्कं करा, असं त्यांनी सांगून टाकलं. अडकलं तर वाटेत उतरून काडीनं उकरता येईल.

"काडीनं उकरत उकरत पोचसान, तवा लोकं घरी जाऊन जेवून राह्यले असतीन," सिंधूताई म्हणाल्या.

पंजाबराव हसले, पण त्या हसत नव्हत्या. त्यांना सहीपुरतंच लिहिता येत होतं. ग्रंथात जे काही आहे ते त्यांना नवऱ्याच्या आवाजातूनच ठाऊक झालं होतं, एकेक थांबा घेत, उतरणाऱ्याला नीट उतरू देत. शेखर भला मुलगा होता, पण तो पानामागून पान पळवायचा. त्या मात्र तिन्ही पावसाळे चप्पल हातात धरून चिखलातून रोज जात राहिल्या होत्या. त्याच्या वाचनातलं काही मनात उतरत नाही, हे नवऱ्याला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. गुडघे धरून बसलेल्या माणसाला काय सांगायचं?

"तीन साल झाले," त्या हळूच म्हणाल्या. "बसून बसून कोरीच वापस येऊन राह्यली मी."

दयारामांचा हात लांब मडगार्डवरून आपोआप मागे आला. तरी मनात एक काटा होताच, तो त्यांनी बोलून दाखवला.

"पन वंदनेले वाकलो का साऱ्याइले पाठच दिसते ना."

"वंदनेले लोकाइचे डोये मिटलेले असतात," सिंधूताई डब्याला झाकण लावत म्हणाल्या. "अन् ज्याचे उघडे असतीन, तो वंदनेले आलाच नाई म्हना."