यंदाचं मागणं

शर्वीने सांताची लाल बाही ओढली. मागच्या नाताळात याच मॉलमध्ये, माझ्या कडेवरच्या तिच्या धाकट्या भावाकडे बोट दाखवून तिने सांताला सांगितलं होतं, "याला घेऊन जा." सांता हसला होता. मीही. फेब्रुवारीत न्यूमोनियाने बाळ गेलं. शर्वीच्या लेखी सांताने नेलं.

"आमचं बाळ परत आण," ती आता म्हणाली. "माझी सगळी खेळणी घे."

मी पुढे होईपर्यंत त्याने तिच्या हातात चॉकलेट ठेवलं. "हो बेटा, नक्की आणणार!" नवा सांता होता, त्याला काय ठाऊक?

खरं सांगायला मी तिला बाजूला घेतलं, तर तीच मला ओढत लहान मुलांच्या कपड्यांपाशी घेऊन गेली.

"किती वयाचं दाखवू, ताई?" सेल्सगर्लने विचारलं.

"दीड वर्षाचं," शर्वीने बोटांवर मोजून सांगितलं. "जुने त्याला घट्ट होतील. हो ना, आई?"

मी "हो" म्हटलं.